बारा ग्रॅम

दोनशे ग्रॅमचं वजन बारा ग्रॅम कमी भरलं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी ते चिमट्याने उचललं, फडक्याने पुसलं आणि पुन्हा पारड्यात ठेवलं. काटा पुन्हा तिथेच जाऊन थांबला. बाई वीस वर्षं या टेबलापाशी बसून दुकानदारांची वजनं तपासताहेत, त्यांना आता कशाचंच नवल वाटत नाही. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर आमच्या वजनमाप खात्याची छाप ठोकलेली असते. बाईंनी वजन उलटं केलं आणि छापेवर नख दाबलं. नख आत गेलं. "मेण आहे, साहेब," त्या म्हणाल्या, "शिसं उकरून काढलंय, मेण ओतलंय, वरून काजळी चोपडलीय. आणि छाप बघा, सुईने कोरलीय. तुमचाच नंबर आहे. कुठल्या दुकानातलं?" मी म्हणालो, "दुकानातलं नाही. एका बाईकडचं." "हात चांगला आहे बाईचा," त्या म्हणाल्या, अगदी मनापासून, एखादीच्या भरतकामाचं कौतुक करावं तशा. "जप्त करू?" खोटं माप सापडलं की ते जप्त करायचं, त्यावर फुली मारायची, मालकाची सही घ्यायची, हा आमचा नियम. एकतीस वर्षं मी तो पाळलाय. मी म्हणालो, "नको, राहू दे." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग वजन माझ्या हातात दिलं आणि पुढच्या खोक्याला हात घातला.

तराजू माझ्या घरचा होता. वजनंही माझ्याच घरची, आणि ती बाई माझी बायको. तिला जाऊन सव्वा वर्ष झालं. तराजू सव्वा वर्ष फडताळात वरच्या फळीवर फडक्यात गुंडाळून पडलेला होता आणि तसाच पडून राहिला असता, पण काल धाकटीचा फोन आला. धाकटी म्हणजे बायकोची बहीण, तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. "भावोजी, रिपोर्ट आला," ती म्हणाली, "ताईचाच." मला आधी कळलंच नाही. ताईचा रिपोर्ट आता कशाला येईल? मग कळलं. अंडाशयाचा कॅन्सर, ताईला होता तोच. पोट फुगल्यासारखं वाटत होतं, दोन घास खाल्ले की गच्च व्हायचं, तिला वाटलं वय झालं. तेही ताईसारखंच. सोमवारपासून औषधं चढवायला सुरुवात, मग ऑपरेशन. हे सगळं ती किराण्याची यादी सांगावी तसं सांगत होती. रडली नाही. आणि मग म्हणाली, "मला तुमचा तो तक्ता हवाय. आणि तराजू. ताईला तुम्ही जसं दिलंत तसंच मला खायचंय, ग्रॅम इकडचा तिकडे होता कामा नये." मी उद्या आणतो म्हणालो. आणि माझ्या हातून जे माप बाहेर जातं ते मी आधी तपासून घेतो, मग ते सख्ख्या मेहुणीकडे का जाईना. ही सवय नसती तर मी आज सुखात असतो.

ऑफिसातून तीनला निघालो. पिशवीत तराजू, पारडी एकमेकांवर ठेवून साखळ्या आत गुंडाळलेल्या. बाकीची वजनं कागदात. आणि ते एक खिशात. बसला गर्दी नव्हती. खिडकीशी बसलो आणि खिशात हात घालून अंगठ्याने ते मेण चाचपत राहिलो. छापेच्या रेघा अंगठ्याला लागत होत्या. माझ्या नंबरातला सात मी जरा वाकडा ठोकतो, ठोकताना हात कलतो माझा; तिने तो सातसुद्धा वाकडा कोरला होता. शिंप्याच्या दुकानात बावीस वर्षं काजं केलेला हात तो. पण कधी केलं तिने हे? मी नऊला बाहेर पडायचो. म्हणजे मी गेल्यावर, स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी, मेणबत्ती लावून. त्या दिवसांत तिला पाण्याचा तांब्या दोन हातांनी धरावा लागायचा, औषधांनी बोटांना मुंग्या यायच्या, बटण लावताना दहादा निसटायचं. त्या बोटांनी शिसं उकरायचं म्हणजे दोन सकाळी तरी गेल्या असतील. मधे थांबली असेल, पाठ टेकली असेल. आणि मी संध्याकाळी घरी येऊन विचारलं असेल, आज काय केलंस? ती म्हणाली असेल, काय करणार, पडून होते.

आणि ही विद्या तिला शिकवली कोणी? मीच. रोज रात्री जेवताना मी तिला दिवसभराच्या चोऱ्या सांगायचो. कोणी पारड्याखाली लोहचुंबक लावलं होतं, कोणी दांडीला दोरा बांधून पायाच्या अंगठ्याने ओढत होता, कोणी वजनं पोकळ केली होती. तिला पोकळ वजनांची गोष्ट फार आवडायची. "पण मग छापेचं काय करतात?" तिने एकदा विचारलं होतं, लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा. मी कौतुकाने सगळं समजावून सांगितलं, मेण, काजळी, सुई. बायको आपल्या कामात रस घेते म्हणून मी मनातल्या मनात फुगलो होतो. "आणि तुम्ही कसं ओळखता?" "उलटं करून नख लावायचं. बस. पण निम्मे इन्स्पेक्टर उलटं करतच नाहीत, वरवर बघतात आणि पुढे जातात." असं म्हणून मी त्या निम्म्यांना हसलो होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच ओट्यावर, माझ्याच नंबरची छाप, आणि मी रोज तीनदा ते वजन उचललं आणि एकदाही उलटं केलं नाही.

पथ्याचं खूळ माझं. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, खायला काय द्यायचं? त्या म्हणाल्या, "खाऊ दे त्यांना. चांगलंचुंगलं, पचेल ते. वजन घटू देऊ नका." मी म्हणालो, पण खाण्याने आयुष्य वाढतं असं वाचलंय. त्या थकलेल्या होत्या, बाहेर अजून तीस माणसं बसली होती, तरी त्यांनी नीट सांगितलं. काही पाहण्यांमध्ये थोडा फरक दिसतो, ज्यांचं खाणं आधीपासून चांगलं होतं त्या बायका थोड्या जास्त जगलेल्या दिसतात. पण आजार झाल्यावर ताट बदललं तर किती उपयोग होतो हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. "थोडा म्हणजे किती?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "असं मोजून नाही सांगता येत हो." माझं आयुष्य थोडं, जरा, अंदाजे असं म्हणणाऱ्यांना दंड करण्यात गेलंय. मला वाटलं, बाईंना माप ठाऊक नाही, म्हणून त्या मूठ भरून देताहेत. मग माप मी ठरवलं. पुस्तकं आणली, कात्रणं जमवली, तक्ता केला, फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. हिरव्या भाज्या उकडून, दोनशे ग्रॅम, सकाळ, दुपार, संध्याकाळ; दुपारचं मी नऊच्या आत मोजून झाकून ठेवायचो. तेल नाही, साखर नाही, मैदा नाही, मीठ चिमटीपुरतं. सेलवर चालणाऱ्या काट्यांवर माझा विश्वास नाही, म्हणून दांडीचा तराजू. पहिल्या दिवशी तिने ताटाकडे बघितलं आणि म्हणाली, "मापसाहेब, बैलालासुद्धा वरून मूठभर पेंड देतात हो." दुकानदार मला मापसाहेब म्हणत, ते तिला ठाऊक होतं. आम्ही दोघंही हसलो. तेव्हा हसण्याइतकं बरं होतं सगळं.

पुढे हसणं संपलं. ती चार घासांवर थांबायची, पोटात पाणी साठायला लागलं होतं, आत जागाच नव्हती. मी समोर बसायचो. संपव म्हणायचो. ती नको म्हणाली की माझ्याकडे उत्तर तयार असायचं, प्रत्येक नकोला एक कात्रण. हळूहळू तिने नको म्हणणं सोडलं. मला वाटलं, पटलं बाईला. उलट एक काळ असा आला की ती चांगली खूश असायची, ताट पुढ्यात आलं की तराजूकडे बघायची आणि म्हणायची, "तुमच्या वजनांवर माझा फार विश्वास आहे हो." आणि हसायची. ते हसणं मी पथ्याच्या खात्यात जमा धरलं होतं. धाकटीला सांगितलंही होतं फोनवर, बघ, ताईच्या तोंडावर तेज आलंय. आज बसमध्ये बसून मला ते हसणं परत ऐकू आलं आणि माझी कानशिलं तापली. बारा ग्रॅम म्हणजे काय? दोन घास. पासंगालाही पुरत नाहीत. जगण्यामरण्याच्या दारात उभ्या असलेल्या बाईने माझ्याशी लबाडी केली ती दोन घासांसाठी. मोठी चोरी केली असती तर मी समजू शकलो असतो.

आणि मग तो विचार आला, जो मी कोणाला सांगणार नाही. बारा त्रिक छत्तीस. बावीस महिने पथ्य चाललं, पहिल्या दिवसापासूनच धरलं तर साधारण सहाशे साठ दिवस. तेवीस किलो सातशे साठ ग्रॅम. इतकं अन्न तिच्या पोटात गेलंच नाही. शेवटी ती अडतीस किलोची उरली होती. म्हणजे पथ्य हरलं नव्हतं, माझा तक्ता हरला नव्हता. पथ्य पुरतं दिलंच गेलं नव्हतं. सव्वा वर्ष छातीवर जो धोंडा होता तो एकदम हलला. मला चक्क बरं वाटलं. दोन थांबे जाईपर्यंत बरं वाटत होतं, मी खिडकीबाहेर बघत होतो, एका दुकानाच्या पायरीवर बाई बूट पुसत होती, समोरच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या, आणि मी मनात म्हणत होतो, तिनेच केलं, तिचं तिनेच केलं. मग बस गचका देऊन थांबली आणि मला माझी किळस आली. आपली मेलेली बायको चोर निघाली म्हणून हलका झालेला माणूस मी याआधी कधी बघितला नव्हता. आज बसच्या काचेत बघितला.

एक रविवारची दुपार आहे, तिच्याकडे मी जात नाही, पण ती येते. खालच्या मजल्यावर कोणी बटाट्याचे काप तळत होतं. खिडकीतून वास आला. त्याआधी तीन दिवस तिला अन्नाचं नाव नको होतं, आणि त्या वासाने ती उशीवरून उठून बसली. तिचे डोळे लहान मुलीसारखे झाले होते. "अहो," ती म्हणाली, "चार काप. मीठ लावून. चारच." मी म्हणालो, "गुरुवारी रिपोर्ट येतोय, तो चांगला आला की करू." ती म्हणाली, "भूक आज लागलीय हो." मी म्हणालो, "आत्ताच तर कसोटी असते." ही असली वाक्यं मी बोलत होतो! ती भिंतीकडे तोंड करून पडली. गुरुवारी रिपोर्ट आला, चांगला नव्हता. मग मी पथ्य आणखी कडक केलं. दीड महिन्याने तिचं आतडं बंद झालं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता मागतील ते द्या. मी धावत घरी जाऊन बटाटे तळले. जन्मात कधी तळले नव्हते, निम्मे करपले. डब्यातून हॉस्पिटलात नेले. तिने एक काप जिभेवर ठेवला, त्याचं मीठ चोखलं, आणि तो ओला काप हळूच काढून माझ्या तळहातावर ठेवला. "छान झालाय," म्हणाली. तो काप मी रुमालात गुंडाळून घरी आणला होता. पुढे त्याचं काय केलं, आठवत नाही.

धाकटीच्या घराचा जिना चढताना मी ठरवलं, हिला सांगायचं. वजन दाखवायचं, बटाट्याचंही सांगायचं, आणि म्हणायचं, पोरी, खा. जे जाईल ते खा. तुझी ताई जे बोलू शकली नाही ते तिने या लोखंडात कोरून ठेवलंय, ते वाच. जिन्यात हे वाक्य मी दोनदा घोकलं. दार साडूने उघडलं. हा माणूस नकाशे काढतो, कमी बोलतो, पेन्सिल कानावर असते. स्वयंपाकघरातल्या फळ्या त्याने आधीच मोकळ्या केल्या होत्या. साखरेचा डबा, तेलाची बाटली, बिस्किटं, सगळं एका खोक्यात भरून दाराशी ठेवलेलं होतं. टेबलावर कोरी वही होती, पानांवर रकाने आखलेले. मला माझंच स्वयंपाकघर आठवलं. धाकटी खुर्चीत बसली होती, पोटावर उशी धरून. तिच्या कपाळाची ठेवण बहिणीसारखी आहे हे मला आजवर दिसलं नव्हतं.

साडू चहा करायला वळला. मी तराजू काढला, पारडी लावली आणि खिशातलं वजन तिच्या हातात दिलं. "उलटं कर," म्हणालो, "नख लाव." तिने लावलं. मग मी सगळं सांगितलं. बारा ग्रॅम, मेण, काजळी, सुई. ती वजनाकडे बघत राहिली. मला वाटलं, रडेल. किंवा हसेल, ताईची खोडी ओळखून. तिने मान वर केली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे ताईने पथ्य पाळलंच नाही," ती म्हणाली.

"अगं, बारा ग्रॅमने काय होतंय?"

"रोज तीनदा, भावोजी. तुम्हीच म्हणायचात ना, थेंबे थेंबे तळे साचे? मी रात्रभर तोच विचार करत होते. म्हटलं, ताईने इतकं सगळं केलं तरी ती गेली, मग आपण कशाला करायचं? कशाच्या जिवावर करायचं? आणि आता हे!" तिने वजन मुठीत घट्ट धरलं. "वेडी माझी ताई. लहानपणीसुद्धा औषध कुंडीत ओतायची. मी नाही असं करणार. बघा तुम्ही."

"ऐक," मी म्हणालो. जिन्यात घोकलेलं वाक्य कुठे गेलं ते सापडेना. "तिने एकदा बटाट्याचे काप मागितले होते. चारच."

"तुम्ही नाही दिलेत ना?"

"नाही."

"बरं केलंत," धाकटी म्हणाली. "मलाही देऊ नका. मी कितीही मागितलं, पाया पडले तरी देऊ नका. ह्यांना तसं सांगून ठेवा, हे लगेच विरघळतात." मग तिने वजन माझ्यापुढे धरलं. "यात शिसं भरून आणा. छाप मारून आणा, खरी. आणाल ना?"

मी आणतो म्हणालो. वजन परत घेतलं. तिचा हात गार होता, पण पकड घट्ट होती. सोमवारी सुया टोचून घ्यायला निघालेल्या बाईची वाटू नये इतकी. तिने माझी मनगटं धरून ठेवली आणि खाली बघत, अगदी हलक्या आवाजात विचारलं, "ताईने नीट पाळलं असतं तर ती आज असती. असती ना, भावोजी?"

स्वयंपाकघरात कपबश्यांचा आवाज थांबला. साडूही ऐकत होता. मुठीतल्या वजनाच्या मेणावर माझा अंगठा होता, वाकड्या सातावर. हिला काय सांगू? नाही म्हणालो तर हिच्या हातात उरतं काय? आणि हो म्हणालो तर त्या दुसरीला, जी आता काही बोलू शकत नाही, जिने दोन सकाळी मुंग्या आलेल्या बोटांनी दोन घासांपुरती सुटका कोरली, तिला मी चोर ठरवतो, कायमची, तिच्याच बहिणीसमोर. एकतीस वर्षं मी दुकानादुकानांतून सांगत आलो की मापात दया नसते. खोटं ते खोटं.

"हो," मी म्हणालो. "असती."

धाकटीने माझे हात सोडले, डोळे मिटले आणि मागे टेकून बसली. तिला बरं वाटलं होतं. साडू चहा घेऊन आला, माझ्यापुढे कप ठेवला, कानावरची पेन्सिल काढली आणि वही ओढून घेतली.

"भाजीचं वजन," त्याने विचारलं, "उकडण्याआधी करायचं की नंतर?"

"आधी," मी म्हणालो. "पाणी निथळून."

त्याने लिहून घेतलं.